उरलेले दहा

संघ म्हणजे काय, ह्या प्रश्नाचें उत्तर तो संघ पूर्ण असतांना सहसा सांपडत नाहीं. अकरा गडी मैदानावर आहेत, प्रत्येक जण आपापल्या जागीं उभा आहे, आणि ज्याच्या नांवावर प्रेक्षक जमले तो अग्रणी खेळाडू आपलें कौशल्य दाखवीत आहे. अशा वेळीं हा संघ आहे कीं एका गुणी माणसाभोंवतीं जमलेला दहा जणांचा परिवार आहे, हें ओळखण्यास बाहेरच्या माणसाजवळ साधन नसतें. पुष्कळदां त्या दहा जणांजवळही तें नसतें. तो अग्रणी दुखापत होऊन खालीं पडला म्हणजे मात्र हा भेद उघड होतो. म्हणून ह्या प्रसंगाचा विचार केवळ क्रीडारसिकांनींच करावा असें नाहीं. घर, संस्था, सैन्य, राष्ट्र ह्या सर्वांवर असा दिवस केव्हां ना केव्हां येतोच.

आपल्या इतिहासांत ह्याचीं दोन्ही प्रकारचीं उदाहरणें आहेत. १५५६ सालीं पानिपतावर हेमूच्या डोळ्यांत बाण लागला, आणि धनी कोसळलेला पाहतांच त्याचें सैन्य पांगलें. १७६१ सालीं त्याच भूमीवर विश्वासराव गोळी लागून पडले, आणि पुढें भाऊसाहेब दिसेनासे होतांच मराठ्यांच्या फौजेचा धीर सुटला. उलट १६७० सालीं सिंहगडावर तानाजी पडल्यावर माघार घेऊं पाहणाऱ्या मावळ्यांना सूर्याजीनें फिरून उभें केलें. उतरण्याचे दोर त्यानें कापून टाकले, अशी परंपरा आहे. १६८९ सालीं संभाजीमहाराजांचा वध झाला, रायगड मोंगलांच्या हातीं गेला, तरी १७०७ सालीं औरंगजेब मरेपर्यंत मराठ्यांनीं लढा सोडला नाहीं. ह्यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, सूर्याजी कांहीं तानाजी झाला नाहीं, आणि संताजी-धनाजी कांहीं छत्रपति झाले नाहींत. गेलेल्याचें सोंग कोणीं घेतलें नाहीं. प्रत्येकानें आपल्याच कामाची मर्यादा वाढविली.

फुटबॉलच्या इतिहासांत १९६२ हें साल ह्या दृष्टीनें मोठें बोधप्रद आहे. त्या वर्षीं चिली देशांत विश्वचषकाचे सामने झाले. ब्राझीलचा पेले तेव्हां अवघा एकवीस वर्षांचा, पण जगप्रसिद्ध होता. २ जून रोजीं, म्हणजे संघाच्या दुसऱ्याच सामन्यांत, चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध खेळतांना त्याच्या जांघेचा स्नायु दुखावला. त्या काळीं विश्वचषकांत बदली गडी घेण्याची सोय नव्हती. म्हणून तो लंगडत मैदानावरच राहिला, आणि सामना गोलाविना बरोबरींत सुटला. पुढच्या सामन्यांत त्याच्या जागीं अमारिल्दो नांवाचा तरुण उतरला व त्यानें स्पेनविरुद्ध आपल्या संघाचे दोन्ही गोल केले. परंतु अमारिल्दोनें पेलेची उणीव भरून काढली असें म्हणून मोकळें होणें हा अर्धाच हिशेब झाला. इंग्लंडविरुद्ध दोन आणि उपांत्य सामन्यांत चिलीविरुद्ध दोन, असे चार गोल गारिंचानें केले. अंतिम सामन्यांत अमारिल्दो, झिटो आणि वावा ह्या तिघांनीं एकेक केला. एकाचें ओझें अनेकांनीं उचललें, आणि ब्राझीलनें चषक राखला.

आमच्या मतें सर्व मर्म येथें आहे. माणसाची जागा भरतां येत नाहीं. त्याचें काम मात्र वांटून घेतां येतें. भंडारा जिल्ह्यांत तुमसरपलीकडे, सातपुड्याच्या टेंकड्यांत, आंबागडचा किल्ला आहे. देवगडच्या बख्त बुलंद राजाच्या अमदानींत, १७०० च्या सुमारास तो बांधला गेला, आणि पुढें नागपूरकर भोसल्यांनीं त्याचा तुरुंग म्हणून उपयोग केला. अशा जुन्या तटाकडे पाहिलें म्हणजे ही गोष्ट सहज पटते. एक चिरा निखळला तर त्याच्या जागीं पोकळीच राहते. परंतु वरचा भार आजूबाजूच्या चिऱ्यांनीं घेतला तर तट उभा राहतो. ती पोकळी नाहींच असें भासविण्याची त्याला गरज पडत नाहीं. ज्या संघाला आपल्या जखमी अग्रणीची प्रतिकृतिच हवी असते तो दोघांवर अन्याय करतो. जखमी माणसाला तो सांगतो कीं तुझ्यासारखे बाजारांत मिळतात. आणि नव्या पोराला सांगतो कीं तूं तूं असूं नकोस.

आतां त्याच वर्षाची दुसरी गोष्ट. ऑगस्ट-सप्टेंबरांत जाकार्ता येथें आशियाई क्रीडासामने झाले. रहीमसाहेबांच्या शिकवणीखालीं भारताचा फुटबॉल-संघ तेथें गेला होता; मूळचा गोव्याचा व मुंबईच्या मैदानांवर नांवारूपास आलेला फोर्चुनातो फ्रँको हाही त्यांत होता. थायलंडविरुद्धच्या सामन्यांत बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग ह्याच्या डोक्याला जखम होऊन टांके पडले. रहीमसाहेबांनीं त्याला बचावांतून काढून आघाडीस घातलें. त्यानें उपांत्य सामन्यांत गोल केला, आणि ४ सप्टेंबरला दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यांतही केला. भारत २-१ असा जिंकला. रहीमसाहेब स्वतः तेव्हां कर्करोगानें ग्रासलेले होते. पुढच्याच वर्षीं ते वारले.

एका संघानें जखमी गड्याला बाहेर ठेवलें, दुसऱ्यानें त्याला टांक्यांसह खेळविलें, आणि दोघेही जिंकले. ह्यावरून इतकें तरी सिद्ध होतें कीं, विजय हा ह्या प्रश्नाचा निकाल देऊं शकत नाहीं. जर्नेलसिंगाच्या धैर्याविषयीं आम्हांस नितांत आदर आहे. पण त्या धैर्याचें कौतुक करतांना त्याचा नियम करणें धोक्याचें आहे. १९६६ सालीं इंग्लंडांत पेले पुन्हा जखमी झाला. त्याच्यावांचून ब्राझील हंगेरीकडून हरला, तेव्हां पुरता बरा झाला नसतांही त्याला पोर्तुगालविरुद्ध उतरविण्यांत आलें. तेथें त्याला पुन्हा मार बसला, तो लंगडत राहिला, आणि ब्राझील स्पर्धेंतून बाहेर पडला. चार वर्षांपूर्वीं जो भार सर्वांनीं मिळून पेलला होता, तो ह्या वेळीं पुन्हा एकाच दुखऱ्या पायावर टाकला गेला.

येथें कोणी म्हणेल कीं, खेळाडूच जर आपण होऊन उतरण्यास तयार असेल, तर इतरांनीं कां अडवावें? आक्षेप वजनदार आहे. परंतु हजारों प्रेक्षक ज्याच्या नांवाचा घोष करीत आहेत आणि ज्याचे सोबती त्याच्या तोंडाकडे पाहत आहेत, त्याचा होकार कितपत मोकळा असतो? मनुष्यास केवळ साधन समजूं नये, तो स्वतः साध्य आहे, ही कांटची शिकवण येथें कसास लागते. जखमी माणसाचा होकार खरा ठरावा अशी इच्छा असेल, तर त्याला नकार देणें शक्य झालें पाहिजे. आणि तें शक्य करणें उरलेल्या दहांच्याच हातीं आहे. तुझ्यावांचून आम्ही लढूं, असें ज्यांना मनापासून म्हणतां येतें, त्यांनींच त्याला विचारावें.

हें कर्तव्य केवळ स्वपक्षाचें आहे असेंही नाहीं. १९६२ च्या त्या बरोबरींत सुटलेल्या सामन्यांत लंगडणाऱ्या पेलेवर चेक खेळाडूंनीं घाव घातला नाहीं. चेंडू त्याच्याकडे आला म्हणजे मासोपुस्त व त्याचे सोबती थोडे थांबत, त्याला चेंडू सोडून देण्यास अवधि देत. पेलेनें ही गोष्ट पुढें कृतज्ञतेनें सांगितली आहे. नियमांनीं जें मागितलें नव्हतें तें त्या प्रतिपक्ष्यांनीं दिलें. नियम मागाहून आले: १९७० पासून विश्वचषकांत बदली गडी आले, आणि डोक्याला मार बसून मेंदूस धक्का लागल्यास जादा बदली गडी घेण्याची मुभा २०२४ पासून फुटबॉलच्या नियमांतच आहे. सज्जनांची सदसद्विवेकबुद्धि आधीं चालते आणि कायदा तिच्या मागून येतो, असें पुष्कळ बाबतींत दिसतें.

पण सगळ्या जखमा मोठ्या मैदानावर होत नाहींत. आंबागडच्या आसपासचा मुलूख धानाचा आहे. अशा मुलुखांत कापणीनंतर मोकळ्या झालेल्या बांध्यांत जीं पोरें कबड्डी किंवा फुटबॉल खेळतात, त्यांच्यामागें ना विमा असतो, ना वैद्य. त्यांतल्या एखाद्या चपळ गड्याचा पाय मोडला तर संघाचा एक सामना जातो. त्याच्या घराची मात्र रोजमजुरी जाते, आणि हाड नीट बसलें नाहीं तर पुढची रोवणीही जाते. त्याच्यावांचून चषक जिंकला तरी त्याच्या दारीं कोण गेलें, पलस्तराचा खर्च कोणीं वांटून घेतला, त्याच्या बांधींत कोण राबलें, ह्यावरच तो संघ होता कीं नव्हता हें ठरावयाचें. मैदानावर त्याचें काम वांटून घेण्यांत संघाचा स्वार्थही असतो. मैदानाबाहेर त्याचें दुःख वांटून घेण्यांत तो नसतो. म्हणून खरी परीक्षा तीच. पंचाची शेवटची शिट्टी तिच्या आधीं वाजते, आणि ती परीक्षा पाहण्यास प्रेक्षक थांबलेले नसतात.