वेधाचे ऋण

सूर्य रोज उगवतो, याइतके निःशंक विधान व्यवहारात दुसरे नसेल. परंतु तो क्षितिजावर कोठे उगवतो, मध्यान्ही किती उंच चढतो आणि त्या वेळी घड्याळात किती वाजलेले असतात, हे मोजू लागले की ती सहजप्राप्त निश्चिती विरते. तिच्या जागी जी येते ती श्रमसाध्य असते, आणि म्हणूनच विश्वासार्ह.

पुण्यातील आमच्या घराच्या गच्चीवर मी एक शंकू उभा केला आहे: ओळंब्याने तपासलेली सरळ सळई, सपाट फळी आणि सावलीचे टोक टिपण्यासाठी कागद. याला खर्च नाही, नियमितपणा मात्र लागतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि पुणे त्याच्या साडेआठ अंशांहून अधिक पश्चिमेस. म्हणून येथे सूर्याचे बारा सरासरीने १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास वाजतात. फेब्रुवारीच्या मध्यास ही वेळ १२.४९ पर्यंत पुढे जाते, नोव्हेंबरच्या आरंभी १२.१८ पर्यंत मागे येते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, ही शाळेत पाठ केलेली दोन वाक्ये त्या कागदावरील ठिपक्यांत डोळ्यांना दिसतात. मेच्या मध्यास सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे अंशात्मक अंतर, पुण्याच्या अक्षांशाइतकी होते आणि मध्यान्हीची सावली शंकूच्या पायाशी लुप्त होते. जुलैअखेरीस हेच पुन्हा घडते. पण तेव्हा आकाश बहुधा झाकोळलेले असते आणि वहीतील तो रकाना रिकामा राहतो. तो मी रिकामाच ठेवतो. न पाहिलेले गणिताने भरून काढणे म्हणजे वेधाशी प्रतारणा होय.

चंद्र निरीक्षकाची अधिक कठोर परीक्षा घेतो. ताऱ्यांमधून तो तासाला साधारण आपल्या बिंबाएवढा पूर्वेकडे सरकतो, पण ही गती सम नाही. दिवसाला ती पावणेबारा अंशांपासून सव्वापंधरा अंशांपर्यंत बदलते. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. त्यामुळे एखादी तिथी जेमतेम वीस तासांत संपते, तर एखादी साडेसव्वीस तास रेंगाळते. वृद्धितिथीचे मूळ या विषम गतीत आहे.

काही गती तर एका आयुष्यात मावतच नाहीत. चंद्रकक्षेचे पात, म्हणजे ती सूर्यमार्गाला छेदते ते बिंदू, १८.६ वर्षांत एक फेरा पुरा करतात. त्यामुळेच २०२४-२५ च्या सुमारास चंद्र सूर्याच्या उत्तरतम उदयस्थानाच्याही पलीकडे उगवताना मी पाहिला. तो योग आता २०४३ च्या आसपास. संपात, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो बिंदू, तर सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. प्रत्यक्ष उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते, आणि निरयन मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या आसपास येते. मधले तीन आठवडे याच मंद गतीने साचलेले आहेत. अशी गती कोणाही एका माणसाला कळणे दुष्कर. ती कळते दूरच्या पिढ्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर.

कोकणातील नांदगावच्या केशव दैवज्ञांना याची स्पष्ट जाणीव होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी स्वतः वेध घेऊन जुन्या सिद्धांतांची गणिते पडताळली आणि पुढील गणकांनीही तसेच करीत राहावे, असे लिहून ठेवले. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचले. ज्या-कोज्यांचा आधार न घेता ग्रहगणित करण्याची ती रीत इतकी सुलभ होती की शतकानुशतके महाराष्ट्रातील पंचांगे तिच्यावर चालली. मला वाटते, या यशातच एक हानी दडलेली होती. गणित सोपे झाले आणि आकाशाकडे पाहण्याची निकड उरली नाही. ग्रंथ जपला गेला, त्यामागील वेधाची वृत्ती मात्र क्षीण झाली. आकाश आणि पंचांग यांच्यात पडत गेलेले अंतर पुढे एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांना नव्याने भरून काढावे लागले. १८६० साली त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत सिद्ध केली, आणि गणित दृक्प्रत्ययाशी जुळले पाहिजे, या आग्रहाला महाराष्ट्रात पुन्हा बळ आले. परंतु त्या कोष्टकांमागचे वेध युरोपीय वेधशाळांतील होते. छत्र्यांच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही; मधल्या पिढ्यांनी काय गमावले, ते मात्र यातून दिसते.

आज सूर्योदयाची वेळ मोबाइलवर सेकंदापर्यंत मिळते. ती व्यवहारापुरती अचूक असते, आणि तिचा उपयोग न करणे हा हट्ट ठरेल. तरीही वाचकांना, विशेषतः शिक्षकांना, माझी विनंती आहे की येत्या मे महिन्यात शाळेच्या आवारात एक सरळ काठी उभी करावी, रोज मध्यान्हीची सावली मुलांकडून मोजून घ्यावी आणि प्रत्येक नोंदीपुढे स्थळ, दिनांक व वेळ लिहावी. चुकलेली नोंद खोडू नये. आणि ती वही वर्ष संपल्यावर रद्दीत न देता शाळेच्या दप्तरात ठेवावी.