मनाचे मठारकाम



‘मन खंबीर करा’ असे दुःखी माणसाला सगळेच सांगतात. कसे करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. दुकान बसले, घरातले माणूस गेले, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तिथे नुसता उपदेश काय कामाचा? सांगणारा सांगून जातो आणि ऐकणाऱ्याला वाटते, आपल्यातच काही खोट आहे.

अहो, खोट नव्हे ती. मेंदूच्या आत बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. भयाची चाहूल लागली की तो हाकाटी करतो. छाती धडधडते, श्वास वाढतो. साप समोर आला तर हीच हाकाटी जीव वाचवते. मग कपाळामागचा भाग नीट पाहून समजावतो, ‘अरे, ही दोरी आहे.’ पण काळजी महिनोन्‌महिने चालली, झोप उडाली, की हा समजावणारा दुबळा पडतो. मग दारावरची प्रत्येक थाप सापच वाटते.

याला उपाय काय? पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथला कारागीर पाहा. ठोक्यांनी तांब्याचा पत्रा कडक होत जातो. पण नुसता ठोकतच राहिले तर तो चिरतो. म्हणून मध्येच भट्टीत तापवून त्याला मऊ करतात, मग पुन्हा ठोके. शेवटी मठारकाम: लहान, सारखे, एकाशेजारी एक ठोके. त्याने भांड्याला झळाळी येते, बळकटीही येते. एकाच घणाने कोणी हंडा घडवला आहे काय?

मेंदूचेही तसेच. जी वाट रोज चालावी तिथले मज्जापेशींचे दुवे बळकट होतात, आणि हे उतारवयातही घडते. म्हणून साधन थोडे असावे, पण रोजचे असावे.

2001 साली इटलीतल्या संशोधकांनी 23 निरोगी माणसांकडून जपमाळेची प्रार्थना आणि मंत्र म्हणवून घेतले. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारली. गुण संथ श्वासाचा! तेव्हा नाम घ्या, पण सावकाश घ्या. घाईघाईने माळ ओढली तर श्वास संथ कसा व्हावा?

दुसरा ठोका चालण्याचा. वारकऱ्याला तो शिकवायला नको. तिसरा संगतीचा: एकट्याने कुढू नये, चार माणसांत बसावे. आणि भट्टीतला मऊपणा म्हणजे झोप. झोपेतच मेंदू दिवसभराचे शिकणे पक्के करतो. रात्र रात्र जागून मन खंबीर होत नाही बरे!

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भांड्याला भोक पडले तर मठारून भागत नाही, डाग द्यावा लागतो. आठवडेच्या आठवडे उदासी हटेना, जीव नकोसा वाटू लागला, तर डॉक्टरांकडे जावे. ‘नामावर श्रद्धा कमी पडली’ असे म्हणून कोणाला घरी बसवू नये. त्यात माणूस हातचा जातो. सरकारची 14416 ही टेलिमानस सेवा 2022 पासून आहे. फोन फुकट, मराठीत बोलता येते.

देह देवाचे मंदिर म्हणतो ना आपण? मग मेंदू काय मंदिराबाहेर आहे? त्याची निगा हीही सेवाच. आज घरी गेल्यावर दहा मिनिटे संथ नाम घ्या, आणि शेजारी कोणी गप्प गप्प असेल तर त्याला हाक मारा.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!