घरची तालीम

आमच्या धरमपुरीत 'तालीम' हा शब्द दोन अर्थांनी कानी पडतो. हिंदीत तालीम म्हणजे शिक्षण. आपल्या मराठी घरांत तालीम म्हणजे आखाडा. शाळेत हिंदी आणि घरी मराठी बोलण्यात माझी हयात गेली. पण हे दोन्ही अर्थ मुळात एकच, हे उमजायला पन्नाशी उलटावी लागली.

गुडघे कुरकुरू लागले तेव्हा मी एका जिमची वर्षाची फी एकदम भरली. पैसे गुंतले की पाय आपोआप तिकडे वळतील, असा हिशेब. ते दीड महिना वळले. पुढे मी बाजारात दुसऱ्या वाटेने जाऊ लागलो! मुलांना नियमितपणाचे धडे देणाऱ्या माणसाला पैशांपेक्षा याचीच लाज अधिक वाटली.

मग डॉक्टरांना विचारून घरीच आरंभ केला. माळ्यावरची वडिलांची मुद्गलांची जोडी, एक रबरी पट्टा, पाण्याने भरलेल्या लिटर-लिटरच्या दोन बाटल्या, म्हणजे हाती किलो-किलोचे वजन. खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला टेकून जोर यांना तर दमडीही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला. तेवढ्याला एवढे सामान पुरते.

पण प्रश्न सामानाचा होता कुठे? साधन स्वस्त झाले, निश्चय नाही. घरी कोणी पाहत नाही, तिथे आपल्याला उठवणार कोण?

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. त्याला उपकरण लागत नाही. पण राजेसाहेब स्वतः रोज नमस्कार घालीत, हे महत्त्वाचे. तालमीतला वस्तादही नुसता पहारेकरी नसे. तो आधी स्वतः मातीत उतरे. जिमच्या फीतून मी धाक विकत घेऊ पाहत होतो. हवी होती ती सोबत.

आता पहाटे शेजारचा मुलगा आमच्या अंगणात येतो. मी ज्यांना जोर म्हणतो, त्यांना तो दंड म्हणतो. तो येणार म्हणून मी उठतो. मी उठलेला असेन म्हणून तो येतो. एकट्याचा निश्चय लटका पडतो, हे कबूल करण्यात कमीपणा नाही. वाचकहो, मुद्गल माळ्यावरून जरूर काढा. पण अंगणाचे फाटक उघडे ठेवा.