मुचलका आणि पाणवठा

दिल्लीतील कोपर्निकस मार्ग मराठी माणसाला परिचित असतो तो तेथील जुन्या महाराष्ट्र सदनामुळे, अथवा नाटक-संगीताची आवड असली तर कमानी सभागृहामुळे. परंतु इंग्रजी अमदानीत हाच रस्ता लिटन रोड या नावाने ओळखला जात असे, ही गोष्ट आज फारशी कोणी उच्चारीत नाही. मंडी हाऊसकडून निघून तो इंडिया गेटपाशी पोचतो आणि त्याच चौकातून टिळक मार्ग, म्हणजे पूर्वीचा हार्डिंज ॲव्हेन्यू, सर्वोच्च न्यायालयाच्या बाजूस जातो. ज्या व्हाइसरॉयने देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या गळ्याला फास लावला त्याचा रस्ता आणि ज्या संपादकाने दोनदा राजद्रोहाची शिक्षा भोगली त्याचा रस्ता अशा रीतीने एकमेकांस भिडावेत, हे कोणा नगररचनाकाराच्या ध्यानीमनी नसावे.

आपल्या राज्यघटनेतील मूलभूत हक्क हे अमेरिकेच्या सनदेवरून आणि आयर्लंडच्या घटनेवरून उचललेले आहेत, असे विधान विद्वानांच्या सभेत अद्यापि ऐकू येते. कलमांची बांधणी परकी असेल, हे मान्य करण्यास मला संकोच वाटत नाही; परंतु त्या बांधणीत जो आशय भरला गेला तो ज्यांनी मुचलके लिहून दिले, कारावास भोगला आणि पाणवठ्यावरून हाकलले जाण्याचा अपमान सोसला, त्यांच्या अनुभवातून आलेला आहे, आणि त्या अनुभवाचा मोठा भाग महाराष्ट्रात घडलेला आहे.

१८७७ च्या १ जानेवारीस, दख्खन दुष्काळाने होरपळत असताना, लिटनने दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले. राजेरजवाड्यांच्या त्या जरतारी गर्दीत पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, हातच्या सुताचा जाडाभरडा पोशाख करून उपस्थित झाले आणि हिंदी प्रजेस ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा दर्जा मिळावा, अशी मागणी त्यांनी सभेच्या मानपत्रातून मांडली. अर्जाची भाषा राजनिष्ठेची होती. पण जे मागितले होते ते राजनिष्ठेत सामावणारे नव्हते. पुढच्याच वर्षी, मार्च १८७८ मध्ये, लिटनने देशी वृत्तपत्रांचा कायदा एका बैठकीत संमत करून घेतला. मॅजिस्ट्रेटने मुद्रकाकडून मुचलका आणि अनामत मागावी, पुन्हा मजकूर खटकला तर छापखान्यावर जप्ती आणावी, आणि या हुकुमाविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची वाट बंद असावी, असा त्याचा मासला होता. इंग्रजी पत्रांस मात्र तो लागूच नव्हता. कलकत्त्याची अमृतबझार पत्रिका तर यातून सुटण्यासाठी एकाएकी इंग्रजीतून निघू लागली. व्हाइसरॉय रिपनने १८८२ मध्ये हा कायदा रद्द केला, पण राजद्रोहाचे १२४ अ हे कलम दंडसंहितेत १८७० पासून होतेच, आणि लिटनला जे हत्यार जड गेले त्यापेक्षा हे अधिक धारदार निघाले. १८९७ मध्ये न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी त्याचा अर्थ ऐसपैस लावून टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी ठोठावली. १९०८ मध्ये न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि टिळकांची रवानगी मंडालेस झाली. हेच दावर १८९७ च्या खटल्यात जामिनासाठी टिळकांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते, ही काही काल्पनिक कादंबरी नव्हे.

येथवरची कहाणी सरकारच्या जुलमाची. परंतु सरकार गेले म्हणजे माणूस मुक्त झाला, असे मानणे हा सुशिक्षित वर्गाचा सोयीस्कर भ्रम होता, आणि तो फुल्यांनी प्रथम व आंबेडकरांनी पूर्णांशाने उघडा पाडला. कोपर्निकस मार्गाच्या इंडिया गेटकडील अंगास बडोदा हाऊस आहे. लिटनच्या दरबारात कोवळ्या वयात हजर असलेल्या सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानाची ही दिल्लीतील वास्तू. याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. सार्वजनिक पैशाने बांधलेले अथवा चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. पण ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यावर मारहाण झाली, तळ्याची ‘शुद्धी’ झाली, दिवाणी दावे चालले, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडले. आता घटनेचे कलम १५, उपकलम २ उघडून पाहावे: विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, सार्वजनिक निधीतून राखलेली स्थळे. मला त्या ओळींत फिलाडेल्फिया दिसत नाही, महाड दिसते.

या दोन हक्कांना प्रजासत्ताकाने दिलेली वागणूक मात्र सारखी नाही. पाणवठ्याच्या हक्काला कोणताही ‘परंतु’ जोडलेला नाही. भाषणस्वातंत्र्याच्या कलमाला तो जोडलेला आहे. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत कन्हैयालाल मुनशींच्या दुरुस्तीसूचनेने मसुद्यातील राजद्रोहाचा उल्लेख वगळला गेला खरा, परंतु दंडसंहितेतील १२४ अ जागचे हलले नाही. आणि घटना अमलात येऊन दीड वर्ष उलटण्यापूर्वीच, जून १९५१ मधील पहिल्या घटनादुरुस्तीने निर्बंधांच्या यादीत सार्वजनिक सुव्यवस्था घातली. निर्बंध ‘वाजवी’ असावा, ही अट त्याच दुरुस्तीने घातली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. आंबेडकर त्या वेळी कायदेमंत्री होते. शेजाऱ्याच्या जुलमाविरुद्ध राज्यसंस्था बलवान हवी आणि राज्यसंस्थेच्या जुलमाविरुद्ध ती मर्यादित हवी, हा पेच त्यांच्याइतका कोणास कळला नसेल. तरीही या दुसऱ्या बाजूस त्या वर्षी जे वजन पडावयास हवे होते ते पडले नाही, असे माझे मत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये राजद्रोहाचे कलम अर्थ आकुंचित करून वैध ठरविले आणि मे २०२२ मध्ये त्याचा अंमल स्थगित केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही. तेथे सार्वभौमत्व, एकता व अखंडता यांस धोका आणणाऱ्या कृत्यांचे कलम १५२ आहे. जुन्या कलमाखाली जन्मठेप अथवा तीन वर्षांपर्यंत कैद होती. नव्या कलमाखाली जन्मठेप अथवा सात वर्षांपर्यंत कैद आहे.