उपोसथाचे ओझे कोणाच्या डोक्यावर?

वाचकहो, पौर्णिमा जवळ आली की आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "उद्या तुमचा उपोसथ आहे ना?" विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु ज्याला विचारले त्याच्या मनात काय चालते, याचा विचार आपण करतो काय? निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत रोजाने जाणारी एखादी उपासिका डोळ्यांपुढे आणा. माघ पौर्णिमा नेमकी द्राक्षांच्या तोडणीत येते. खाडा केला तर रोज बुडतो. कामावर जाऊन अष्टशील पाळले तर माध्यान्हीनंतर दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत पोटात अन्न नाही, आणि संध्याकाळपर्यंत उन्हात उभे राहणे आहेच. काहीच पाळले नाही तर विहारात चार बाया तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहणार. मन हलके करावे म्हणून जो दिवस नेमला, त्या दिवशी ही बाई अपराधी होऊन बसते. हे धम्माला धरून आहे काय?

उपोसथ पाळू नये असे येथे कोणी म्हणत नाही. पण तो आला कोठून, हे पाहा. पंधरवड्याच्या ठरावीक तिथींना एकत्र जमण्याची चाल इतर परिव्राजकांत आधीपासून होती. विनयपिटकाच्या महावग्गात सांगितले आहे की, मगधराज बिंबिसाराने सुचविल्यावरून भगवंतांनी ती भिक्खूंना लावून दिली. भिक्खू जमू लागले, पण मुक्याने बसून राहू लागले. धम्म ऐकायला आलेले लोक कुरकुरले. ती कुरकुर भगवंतांच्या कानी गेली आणि त्या दिवशी धम्म सांगावा असे त्यांनी ठरवून दिले. म्हणजे लोकांची तक्रार ऐकून या दिवसाचे रूप बदलले, आणि तेही खुद्द तथागतांनी बदलले. आज एखाद्या गरिबाने तक्रार केली तर आपण त्याला अश्रद्ध ठरवतो!

अंगुत्तर निकायात भगवंतांनी विशाखेला तीन प्रकारचे उपोसथ सांगितले आहेत. त्यातला पहिला गुराख्याचा. संध्याकाळी गुरे मालकाच्या हवाली करून गुराखी मनाशी म्हणतो, आज गुरे अमुक रानात चरली, उद्या तमुक रानात चरतील. तसाच उपोसथ करणारा एक जण दिवसभर घोकत असतो, आज हे खाल्ले, उद्या ते खाईन. दिवस त्याचा जेवणातच जातो. आपल्याकडे एकादशी, दुप्पट खाशी म्हणतात ती हीच गत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण व्रतवैकल्यांचा त्याग केला. परंतु पुढल्या दाराने घालवलेली एकादशी पांढरे वस्त्र नेसून मागल्या दाराने आत आली तर तिला ओळखायचे कोणी?

ओळखण्याची खूण सांगून ठेवलेली आहे. दहा संयोजनांपैकी एकाचे नाव सीलब्बत-परामास. विधी, व्रत, कर्मकांड यांनीच मुक्ती मिळेल अशा समजुतीला चिकटून राहणे म्हणजे ते संयोजन. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते गाळलेले नाही. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' लिहितानाही त्यांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला होता. नियम माणसाला काय करायचे ते आयते सांगतो, तत्त्व त्याला विचार करायला लावते आणि म्हणून जबाबदार बनवते. शील घेताना आपण 'समादियामि' म्हणतो. मी स्वतःवर घेतो, असा त्याचा अर्थ. शेजाऱ्यावर लादतो असा शब्द त्यात कोठेच नाही.

हा पेच एकट्या आपला नाही. आपल्याच कोकणात, अलिबागच्या आसपास, बेने इस्राएल समाज पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत असे. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या धर्मग्रंथात शब्बाथची विश्रांती चाकराला, परक्याला आणि बैलालाही सांगितली आहे. ही त्यातली गोड बाजू. कडू बाजूही आहे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात गुहांत लपलेल्या ज्यूंवर शत्रूने मुद्दाम शब्बाथच्या दिवशी हल्ला केला. दिवस मोडू नये म्हणून त्यांनी दगडसुद्धा उचलला नाही, आणि बायकामुलांसह सुमारे हजार माणसे मेली. त्यानंतर मत्तथियाने व त्याच्या साथीदारांनी ठरविले की हल्ला झाला तर शब्बाथलाही लढायचे. जीव वाचविण्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवावा, हे पुढे त्यांच्या शास्त्राने मान्यच केले.

श्रीलंका तर बौद्ध देश. तेथे १९६६ साली रविवारची सुट्टी काढून पोयाच्या, म्हणजे उपोसथाच्या, तिथींना सुट्टी दिली. तिथीप्रमाणे आठवडा कधी लहान, कधी मोठा होऊ लागला, बाहेरच्या जगाशी व्यवहार जुळेना. १९७१ मध्ये रविवार परत आणावा लागला. पौर्णिमेची सुट्टी मात्र त्यांनी ठेवली. याने त्यांची श्रद्धा कमी झाली असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

आणि हा रविवार तरी आपल्या कष्टकऱ्यांना कोणी फुकट दिला? मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडून १८९० साली तो मिळवला. रोजंदारीवरच्या माणसाला त्या दिवसाचा पगार आजही मिळत नाही. विसावा घ्यायलासुद्धा पदरात काही असावे लागते, हे ज्याच्या पदरात आहे तो सहज विसरतो.

आता घरात डोकावू. उपासकाला बारापूर्वी जेवायचे म्हणून उपासिका पहाटे चारला उठते. त्याचे पांढरे कपडे तिने आदल्या दिवशी धुतलेले असतात. खीर तिनेच करायची. संध्याकाळी मुलांसाठी, म्हाताऱ्यांसाठी पुन्हा चूल पेटवायची. रात्री विहारात त्याच्या शीलाची वाहवा होते, तेव्हा ती भांडी घाशीत असते. अशा उपोसथाला मी तरी उपोसथ म्हणणार नाही. त्या दिवशी उपासकाने स्वतः भाकऱ्या थापाव्यात. थापता येत नसतील तर शिकाव्यात. पौर्णिमा वर्षातून बारा वेळा तरी येते.

मधुमेहाची, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, रात्रपाळीचा कामगार यांनी विकाल-भोजनाचे शील घेतलेच पाहिजे असे नाही. पंचशील आहेच, आणि ते वर्षाचे सगळे दिवस पाळणे सोपे आहे असे कोणी समजू नये. भिक्खूंनासुद्धा आजारपणात अवेळी तूप, लोणी, तेल, मध, गूळ औषध म्हणून घेण्याची मुभा भगवंतांनी दिली होती. नाशिककरांना याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. त्रिरश्मी लेण्यांत (पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नसताना लोक पांडवलेणी म्हणतात) दहाव्या लेण्यात एक शिलालेख आहे. इ.स.च्या तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी, विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने कारागिरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. त्यात तेल्यांचीही श्रेणी होती. ठेव कशासाठी, तर येथे राहणाऱ्या संघातील आजाऱ्यांच्या औषधपाण्यासाठी.

महावग्गातच आणखी एक गोष्ट आहे. उपोसथाच्या दिवशी भिक्खू आजारी असेल तर त्याने आपली परिशुद्धी दुसऱ्याकरवी कळवावी. तेही जमत नसेल तर त्याला खाटेसकट उचलून आणावे. पण हलविल्याने त्याचा आजार वाढेल असे शुश्रूषा करणाऱ्यांना वाटले, तर त्याला हलवू नये; संघाने त्याच्याकडे जाऊन तेथे उपोसथ करावा.

तेव्हा येत्या पौर्णिमेची वंदना सकाळी नऊला न ठेवता रात्री आठला ठेवून पाहा. सातपूर-अंबडची पहिली पाळी सुटलेली असेल, बागेतल्या बाया परतलेल्या असतील. ज्या घरी कोणी अंथरुणाला खिळले आहे, तेथे चौघांनी जाऊन त्रिशरण-पंचशील म्हणावे. सतरंजी आपलीच न्यावी, आणि चहा मांडू नका असे घरच्या बाईला आधीच सांगून ठेवावे.