धनुष्य, लेखणी आणि नेतृत्वाचा तोल

नेतृत्व म्हणजे हुकूम सोडण्याचा अधिकार, अशी एक समजूत समाजात रूढ आहे. याच्या दुसऱ्या टोकाला, नेता म्हणजे कोणालाही न दुखावणारा सौम्य सज्जन, अशीही कल्पना आढळते. पवित्र कुरआनने सांगितलेली कसोटी या दोन्हींहून निराळी आहे. बनीइस्राईलच्या लोकांनी राजा मागितला तेव्हा तालूत यांची निवड झाली. त्यांच्याजवळ संपत्ती नाही, असा आक्षेप लोकांनी घेतला. त्यावर उत्तर मिळाले, की अल्लाहने त्यांना ज्ञान आणि शरीरबळ या दोहोंत समृद्ध केले आहे (सूरह अल्-बकरा, आयत २४७). पुढे याच तालूतांनी सैन्याची परीक्षा घेतली ती तलवारीने नव्हे, तर पाण्याने. वाटेत नदी लागली असता ओंजळभर पाण्यापलीकडे कोणी पिऊ नये, असा आदेश होता. बहुतेक जण तेथेच अनुत्तीर्ण झाले. ज्याला तहान आवरत नाही त्याच्या हाती शस्त्र देऊन काय उपयोग, हाच प्रश्न ही कथा आपल्यापुढे ठेवते.

हाच धडा हिजरी ३ (इ.स. ६२५) मध्ये उहुदच्या रणांगणावर मुस्लिमांना फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांच्या हाताखाली पन्नास तिरंदाज एका टेकडीवर नेमले होते. काहीही झाले तरी जागा सोडू नये, अशी स्पष्ट ताकीद त्यांना होती. विजय दृष्टिपथात येताच बहुतेकांना युद्धलाभाचा मोह आवरला नाही व ते खाली उतरले. मोकळ्या झालेल्या बाजूने शत्रूचे घोडदळ चालून आले. सुमारे सत्तर सहाबी शहीद झाले आणि स्वतः प्रेषित (स.) जखमी झाले. त्या तिरंदाजांचा नेम कच्चा नव्हता, उणीव राहिली ती मनाला आवर घालण्यात.

यानंतर जे घडले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. मदीनेबाहेर पडून लढण्याचा निर्णय सल्लामसलतीने, अनेकांच्या आग्रहाला मान देऊन झाला होता. पराभवानंतर सल्ला घेणेच बंद करावे, असे एखाद्या नेत्याला वाटले असते. परंतु सूरह आलिइम्रानच्या १५९ व्या आयतीत प्रेषितांच्या मृदुतेला अल्लाहची कृपा म्हटले आहे. चुकलेल्यांना क्षमा करावी, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी आणि कारभारात त्यांचा सल्ला घेत राहावे, असा आदेश तेथे आहे. निश्चय झाला की मग अल्लाहवर भिस्त ठेवावी, हेही त्याच आयतीत सांगितले आहे. मृदुता आणि निर्धार येथे एकाच वाक्यरचनेत शेजारी उभे आहेत.

हा तोल नुसत्या उपदेशाने साधत नाही, त्याला सराव लागतो. प्रेषितांवर मोठी जबाबदारी सोपविण्यापूर्वी रात्रीच्या नमाजची आज्ञा झाली, हे सूरह अल्-मुज्जम्मिलच्या आरंभी दिसते. दुसरीकडे, सामर्थ्य म्हणजे तिरंदाजी, हे प्रेषितांनी मिंबरवरून त्रिवार सांगितल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. चिंतन आणि शस्त्राभ्यास यांची ही जोडी पुढे मुस्लिम समाजांत निरनिराळ्या रूपांनी टिकली.

उस्मानी तुर्कांच्या इतिहासातील शेख हमदुल्लाह (१४३६–१५२०) हे तिचे उत्तम उदाहरण आहे. अमासिया येथील हे थोर सुलेखनकार नामांकित तिरंदाजही होते. शाहजादा बायजीद त्यांच्याकडे सुलेखन शिकला आणि १४८१ मध्ये सुलतान झाल्यावर त्याने गुरूंना इस्तंबूलला बोलावून घेतले. गुरू लिहीत असताना सुलतान त्यांची दौत हातात धरीत असे, असे परंपरा सांगते. इस्तंबूलच्या ओकमैदानी तिरंदाजांचा जो मठ होता, त्याचे प्रमुखपदही शेख हमदुल्लाह यांच्याकडे आले.

या दोन्ही विद्यांची घडण सारखीच आहे. नवशिक्या तिरंदाजाला आधी हलके धनुष्य मिळे आणि बाण न सोडता ते पुनःपुन्हा ओढावे लागे. सुलेखनाच्या विद्यार्थ्याला काम सोपे व्हावे या प्रार्थनेच्या ओळीनेच आरंभ करावा लागे. त्याच्या प्रत्येक अक्षरातील दोष गुरू दाखवून देत आणि तो तेच अक्षर पुन्हा गिरवी. दोन्हींत श्वास स्थिर लागतो, दोन्हींत घाई लगेच उघडी पडते. सुटलेला बाण आणि उमटलेली शाई परत घेता येत नाही. नेत्याच्या शब्दाचेही तसेच आहे. याहून मोठा लाभ हा, की राज्यकर्त्याला रोज काही काळ विद्यार्थी म्हणून बसावे लागे आणि ‘हे चुकले’ असे सांगणारा माणूस त्याच्यासमोर असे.

तथापि, कला आपोआप माणूस घडविते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ज्या राजघराण्याने सुलेखनकार आणि धनुर्धर पोसले, त्याच घराण्यात १५९५ मध्ये तिसरा मेहमेद गादीवर येताच त्याच्या एकोणीस भावांचा वध झाला. हाताला लागलेली शिस्त अंतःकरणापर्यंत पोहोचली नाही, तर ती केवळ कौशल्य म्हणून उरते. म्हणूनच प्रेषितांनी (स.) बलवान कोणाला म्हणावे हे स्पष्ट केले आहे. कुस्तीत दुसऱ्याला लोळविणारा नव्हे, तर रागाच्या क्षणी स्वतःला आवरणारा खरा बलवान होय (बुखारी, मुस्लिम). त्यांनी मल्लविद्येला नावे ठेवलेली नाहीत, फक्त तिची खरी कसोटी आखाड्याबाहेर नेऊन ठेवली.

आज आपल्यापैकी फार थोड्यांच्या हाती धनुष्य येईल. परंतु कुटुंब, मशिदीची समिती, शाळा, दुकान, गावची पंचायत अशा कोणत्या ना कोणत्या ठिकाणी प्रत्येकाकडे थोडेफार नेतृत्व असतेच, आणि त्याचा जाब द्यावा लागणार आहे. आपल्या मुलांना व्यायामशाळेत अवश्य पाठवावे, त्यांच्या हाती लेखणीही द्यावी. त्यांनी काय जिंकले हे विचारताना, कोठे थांबता आले हेही विचारावे. आणि आपली चूक दाखवू शकेल असा एक तरी माणूस प्रत्येक जबाबदार व्यक्तीने जवळ ठेवावा. अल्लाह आपणा सर्वांना सामर्थ्य देवो आणि त्या सामर्थ्याला लगाम घालण्याची सद्बुद्धीही देवो. आमीन.