उद्याचा वार कोणाचा?

चर्चला माणसं कधी कमी पडत नाहीत. सेवादिन ठरला, रविवारच्या मिस्सेनंतर फादरांनी जाहीर केलं, की नावं द्यायला झुंबड उडते. कमी पडतं ते काम. आमच्या वसईतल्या कुठल्याही धर्मग्रामात अशा दिवसाच्या तयारीची बैठक बघावी. टी-शर्टचा रंग कोणता, नाश्त्याला इडली की उसळपाव, बॅनर किती फुटांचा, यात तास सहज निघून जातो. उठता उठता कोणीतरी विचारतं, "पण जायचं कुठे?" मग ठरलेली नावं पुढे येतात : वृद्धाश्रम, अनाथाश्रम, डोंगराकडचा एखादा आदिवासी पाडा. वृद्धाश्रमात आमच्याआधी एक शाळा, एक बँक आणि एक गणेश मंडळ फळं वाटून गेलेलं असतं. त्यांच्या मागोमाग आम्हीही केळ्यांचे घड घेऊन पोहोचतो. मी याच चर्चच्या बाकांवर लहानाचा मोठा झालो, तेव्हा ही थट्टा घरचीच समजावी.

अशा दिवसाला अलीकडे अधिकृत निमित्तही मिळालं आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६च्या नोव्हेंबरात, दयेच्या विशेष वर्षाची सांगता करताना, 'गरिबांचा जागतिक दिन' पाळायचं ठरवलं. पहिला दिन १९ नोव्हेंबर २०१७ रोजी झाला आणि पोपमहोदय त्या दुपारी व्हॅटिकनमध्ये सुमारे दीड हजार गरिबांच्या पंगतीला बसले. तेव्हापासून हा दिवस दर वर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर येतो, म्हणजे आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे. दिवाळीत पाड्यांवर फराळ आणि जुने कपडे पोहोचवणाऱ्यांची आधीच गर्दी असते, त्यात चर्चची भर पडते. जानेवारीत त्याच पाड्यावर कोणी फिरकत नाही.

या रोगाचं निदान मात्र नवं नाही. चारशे वर्षांपूर्वी एका गावच्या धर्मगुरूनं ते करून ठेवलं आहे, आणि माझ्या मते त्यापुढे आम्ही फारसे गेलेलो नाही.

फ्रान्समध्ये लियाँच्या उत्तरेला शातियाँ नावाचं छोटं गाव आहे. १६१७ साली व्हिन्सेंट दे पॉल तिथे धर्मगुरू म्हणून आले होते. २० ऑगस्टचा रविवार. ते मिस्सेसाठी वस्त्रं चढवत असताना निरोप आला की गावाबाहेरच्या एका एकट्या घरात सगळंच कुटुंब आजारी आहे, एकाला दुसऱ्याचं करण्याचीही ताकद उरलेली नाही. व्हिन्सेंट यांनी प्रवचनात ते सांगितलं. दुपारनंतर ते स्वतः त्या घराकडे निघाले, तर वाटेवर बायकाच बायका. काही अन्न घेऊन चाललेल्या, काही देऊन परतणाऱ्या, काही उन्हानं दमून कडेला टेकलेल्या. पुढे म्हातारपणी ही हकिगत सांगताना त्यांना ती गर्दी मिरवणुकीसारखी आठवत होती.

आमच्या प्रवचनांत गोष्ट इथेच संपते आणि लोक भारावून घरी जातात. व्हिन्सेंट शेतकऱ्याच्या घरात वाढलेले, लहानपणी जनावरं राखलेले. अन्न नासतं कसं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांच्या मनात आलं ते असं : आज या घरात इतकं आलं आहे की त्यातलं बरंचसं टाकून द्यावं लागेल, आणि उद्या-परवा ही माणसं पुन्हा उपाशीच. गावाच्या दयेत खोट नव्हती, तिची मांडणी चुकली होती. तीन दिवसांनी त्यांनी गावातल्या काही बायकांना एकत्र बसवलं आणि दिवस वाटून दिले. आज हिनं करायचं, उद्या तिनं. त्याच वर्षी या मंडळाचे नियम लिहून मंजूरही झाले.

ते नियम मला फार वाचनीय वाटतात, कारण त्यांत उदात्त असं जवळजवळ काही नाही. जिची पाळी तिनं जेवण रांधायचं, घेऊन जायचं, आजाऱ्याशी हसतमुखानं बोलायचं. पलंगावर तबक मांडायचं, त्यावर रुमाल, पेला, चमचा, पाव. त्याचे हात धुवायचे, प्रार्थना म्हणायची, रस्सा वाटीत ओतायचा, मांस ताटलीत वाढायचं. त्याला खायची इच्छा नसेल तर गोडीगुलाबीनं घास भरवायचा. आणि मग ते कलम, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला : ज्याच्याजवळ कोणीतरी आहे अशा आजाऱ्यापासून सुरुवात करायची आणि जो अगदी एकटा आहे त्याच्याकडे शेवटी जायचं, म्हणजे त्याच्यापाशी जास्त वेळ बसता येईल.

एवढी एक ओळ लिहिणाऱ्याला सेवा ठाऊक होती. आम्ही सेवादिनाच्या यादीत घरं लिहितो ती रिक्षाच्या सोयीनं. या नियमात क्रम ठरतो तो एकटेपणावरून. गंमत अशी की एकटा माणूस रांगेत शेवटचा आहे, पण ती शिक्षा नाही. घाई संपल्यावरचा वेळ त्याच्यासाठी राखलेला आहे.

वाटून घेण्याची ही पद्धत मराठी माणसाला परकी वाटायचं कारण नाही. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी आपट्यांकडे, असं करत सात घरं मिळाली की आठवडा भागला. कोणा एका घरावर बोजा नाही आणि मुलगा उपाशी नाही. त्यात जातीची कुंपणं होती, आणि वार लावून जेवणाऱ्या मुलाला पानावर कधी काय ऐकून घ्यावं लागे हे आपल्या कितीतरी आत्मचरित्रांत आलेलं आहे. पद्धत अर्थातच जशीच्या तशी उचलण्यासारखी नाही. पण सात घरांनी मिळून एक मूल शिकवणं हे एका घरानं सात मुलांना एक दिवस श्रीखंड वाढण्यापेक्षा वेगळ्याच जातीचं काम आहे, एवढं तरी तिच्यातून घ्यावं. चर्चमध्येही अशी रोजची वाटणी सापडते : मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन बायका १९१०पासून रोज स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढत आल्या आहेत. त्या रोजच्या मुठीचा सोहळा होत नाही. चुलीपाशी कोणी फोटो काढायला येत नाही, म्हणून कदाचित ते टिकलं.

शातियाँच्या मंडळानंतर सुमारे दोनशे वर्षांनी पॅरिसमध्ये हा धागा पुन्हा उचलला गेला. १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी वादसभांमध्ये ख्रिस्ती धर्माची बाजू मांडत असे. त्याला तरुण विरोधकांनी टोमणा मारला की तुमच्या धर्मानं पूर्वी पुष्कळ केलं असेल, आज तुम्ही काय करता? ओझानाम आणि त्याच्या मित्रांना टोमणा लागला. पण त्यांनी जाहीर कार्यक्रम ठेवला नाही. ते पॅरिसच्या मुफ्तार वस्तीतल्या सिस्टर रोझली रांद्यू यांच्याकडे गेले, कारण कोणत्या जिन्यावर कोण राहतं हे त्या बाईंना माहीत होतं. त्यांनी पोरांना कुटुंबं नेमून दिली. पोरं दोघादोघांनी घरी जात आणि आठवड्याच्या बैठकीत एकमेकांना सांगत. त्यातून सेंट व्हिन्सेंट दे पॉल सोसायटी उभी राहिली. ती आज जगभर आहे, आमच्याकडेही आहे. तिची माणसं टी-शर्ट घालत नाहीत. कोणाच्या औषधाचं बिल, कोणाच्या मुलाची फी, हे ती ठरलेल्या दिवशी बसून हिशेबानं बघतात. धर्मग्रामातल्या निम्म्या लोकांना त्यांची नावं सांगता येणार नाहीत.

ओझानामला सिस्टर रोझली भेटल्या नसत्या तर काय झालं असतं, हा प्रश्न आमच्या समित्यांनी स्वतःला विचारावा. गल्ली ठाऊक असलेलं माणूस प्रत्येक वस्तीत असतं. अंगणवाडीची सेविका, आशाताई, रेशन दुकानावरचा पोरगा, चाळीतली सगळ्यांच्या बाळंतपणाला धावणारी एखादी मावशी. सेवादिनाआधी महिनाभर दोघांनी जाऊन यांच्याजवळ बसायचं, चहा प्यायचा, ऐकायचं. यात उत्साही तरुणांना काहीच 'केल्यासारखं' वाटत नाही, ही अडचण मला मान्य आहे. दृढीकरणाच्या वर्गातल्या मुलांना तर सेवेचे तास भरायचे असतात, आणि ऐकण्याचे तास कोणत्या रकान्यात लिहायचे?

आणि शेजारी कोण, यावरही आमच्यात घोटाळा आहे. चर्चच्या १९८३च्या कॅनन कायद्याप्रमाणे धर्मग्राम हा सामान्यतः एक भूभाग असतो. त्याच कायद्याचं ५२९ वं कलम धर्मगुरूला गरीब, दुःखी, एकाकी आणि आपल्या मुलखापासून तुटलेल्या लोकांना शोधून काढायला सांगतं. शोधून काढायला, ते चर्चच्या दारात येतील म्हणून वाट बघायला नव्हे. आता वसई-नालासोपाऱ्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. एकीकडे जुन्या वाड्या, विहिरी, केळी-पानवेलींच्या आठवणी, दुसरीकडे उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाड्यातून येऊन भाड्याच्या खोल्यांत राहणारी माणसं. आपल्या मुलखापासून तुटलेली म्हणजे तीच की! आमच्या बोलण्यात मात्र ती 'बाहेरची' असतात, आणि सेवेला जायचं तर आम्हाला दूरचा पाडा अधिक सोयीचा वाटतो. दूरचा गरीब पुन्हा भेटत नाही. जवळचा उद्या बाजारात भेटतो आणि ओळख दाखवतो.

दुसरी बाजूही आहे. गरजू म्हणजे पैशानं गरीब, असं आम्ही धरून चालतो. आमच्या वाड्यांतून असे बंगले आहेत की ज्यांत दोन म्हातारी माणसं आणि एक कुत्रा राहतो. मुलं कॅनडात, दुबईत. पैसा आहे, फ्रीज भरलेला आहे, पण बल्ब गेला तर स्टुलावर चढायला कोणी नाही. शातियाँच्या नियमात ही माणसं शेवटच्या क्रमांकात बसली असती, जास्त वेळवाल्या. सेवादिनाच्या यादीत ती कुठेच नसतात.

चर्च शेजाऱ्याच्या दारी गेलं की हल्ली एक शंका हमखास निघते, की हे धर्मांतरासाठी तर नाही ना? शंका घेणाऱ्यांवर रागावून उपयोग नाही आणि पत्रकं काढूनही नाही. यावर मला दिसतो तो मार्ग साधा आहे. सोबत पत्रकं न्यायची नाहीत, मागितल्याशिवाय प्रार्थना म्हणायची नाही, आणि जाताना मंडळातले, मशिदीतले, सोसायटीतले लोक बरोबर घ्यायचे. येशूनं सांगितलेल्या गोष्टीत जखमी वाटसरूला उचलणारा शोमरोनी परधर्मीच समजला जाई, आणि उचलताना त्यानं कोणाला काही शिकवलं नाही. त्यानं सराईच्या मालकाला दोन नाणी दिली, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि अधिक खर्च झाला तर परत येताना फेडीन असं सांगितलं. तेल आणि द्राक्षारस ओतल्याचं चित्र कितीतरी चर्चच्या काचांवर असतं. परत येण्याचा शब्द कोणी चितारत नाही, कदाचित चितारता येत नसेल.

मग एक दिवसाचा उद्योग बंदच करावा का? मुळीच नाही. काही कामं गर्दीचीच असतात. मे अखेरीस चाळीच्या पत्र्यांवर ताडपत्री टाकायची तर शंभर हात एका सकाळी हवेत. रोज दोन माणसं येऊन ते होत नाही. पूर ओसरल्यावर घराघरातला चिखल काढणं तसंच. शाळेच्या खोल्या रंगवणं, विहिरीतला गाळ उपसणं, तीही. घोळ होतो तो उलट जातीचं काम दिवसात कोंबलं की. उदाहरणार्थ, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज. टेबल मांडून अर्ज भरून घेणं सोपं. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला हवा, त्यासाठी तलाठी, मग तहसील कचेरी, मग त्रुटी, पुन्हा फेरी. मंगळवारी त्या आजीबरोबर कोणी गेलं नाही तर रविवारचा अर्ज पिशवीतच राहतो. अनुदान सुरू झालं तरी पुढे हयातीचा दाखला आहेच.

तुंबलेल्या गटाराचं तर विचारूच नका. पोरं कंबरभर घाणीत उतरून गटार साफ करतात, मला त्यांचं कौतुक आहे. पण तेच गटार दर वर्षी का तुंबतं? खाड्या-नाले बुजवून कोणी काय बांधलं, हे विचारणं सेवादिनाच्या कार्यक्रमात बसत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालच्या हरित वसई संरक्षण समितीनं ते विचारलं होतं. जमीन आणि पाणी वाचवण्यासाठी सगळ्या धर्मांची माणसं रस्त्यावर उतरली, धमक्या आल्या, वर्षं गेली. शेजाऱ्याची याहून मोठी सेवा आमच्या भागात झाल्याचं मला आठवत नाही, आणि त्या वेळी नाश्त्याचा विषय बैठकीत फार वेळ चालला नसावा.

शेवटी वेळेचा मुद्दा येतोच. विरार लोकलला लटकून रात्री नऊला घरी येणाऱ्यानं कुठली पाळी घ्यायची? हिशेब करून पाहिला तर भीती वाटण्यासारखं त्यात फारसं नाही. वाडीच्या छोट्या ख्रिस्ती समूहात तीस घरं धरली आणि एका अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं रात्रीचं जेवण वाटून घेतलं, तर एका घराची पाळी महिन्यातून एकदा येते. एक डबा, आणि अर्धा तास बसणं. शातियाँच्या बायकांनाही घर, गुरं, पोरं होतीच. फक्त कोणीतरी वही घेऊन बसायला हवं, तीस घरांना वार विचारायला, आजारी पडलेल्याचा वार दुसऱ्याला द्यायला, विसरलेल्याला संध्याकाळी फोन करायला. बॅनरची जबाबदारी घ्यायला आमच्या बैठकीत चार हात वर होतात. वहीसाठी मागच्या वेळी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी सेक्रेटरीबाईंकडे पाहिलं, आणि त्यांच्याकडे आधीच तीन वह्या होत्या.